एअर रायफलचं ट्यूनिंग: पेलेट आणि स्लगने अचूक नेम साधण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्यूनिंग म्हणजे रायफलची ताकद वाढवणं का?

नाही, पण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. रायफलने प्रत्येक शॉटला तेच काम तसंच करावं, अशी व्यवस्था लावणं म्हणजे ट्यूनिंग. त्यात ताकद वाढेल किंवा कमी होईल. माझ्या पाहण्यात ती बऱ्याचदा थोडी कमीच होते आणि ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉटच्या भोकांचा पुंजका, लहान होतात.

ताकदीवाचून अचूकता येत नाही असं वाटत असेल तर स्पर्धांकडे बघा. ऑलिंपिकमधल्या 10 मीटर एअर रायफलच्या पेलेटचा, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळीचा, वेग सेकंदाला साधारण 170 ते 175 मीटर एवढाच असतो आणि लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. आंतरराष्ट्रीय फील्ड टार्गेटमध्ये ऊर्जेला 16.27 जूलची मर्यादा आहे. तेवढ्यात नेमबाज 50 मीटरवरची 40 मिलिमीटरची भोकं साधतात.

नवी रायफल आली आहे. लगेच उघडून स्प्रिंग-व्हॉल्व्हला हात घालू का?

मुळीच नको. ‘रायफल नीट मारत नाही’ या तक्रारींपैकी बऱ्याचशा आतल्या भागांपर्यंत पोचतच नाहीत. स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू सैल असतात, स्कोपचे माउंट सरकलेले असतात, नळीत कारखान्यातलं तेल तसंच असतं, किंवा डब्यातले पेलेट त्या नळीला मानवत नाहीत. या चार गोष्टी तपासायला एक संध्याकाळ पुरते. त्या आधी उरका.

स्क्रू आवळताना जोर लावू नका. लाकडी स्टॉकला वाजवीपेक्षा जास्त आवळलं तर लाकूड दबतं आणि पुढच्या आठवड्यात स्क्रू पुन्हा सैल. टॉर्क रेंच असेल तर उत्तम. नसेल तर दोन बोटांनी किल्ली धरून, दर वेळी तेवढ्याच जोराने. स्कोप रिंगचे स्क्रू एकाआड एक, तिरपे, थोडे थोडे आवळायचे.

नळी कशी साफ करायची? किती वेळा?

एअर रायफलची नळी तुलनेने मऊ पोलादाची असते. आत जळणारी दारू नाही, त्यामुळे काजळी नाही. साचतं ते शिसं आणि पेलेटवरचं वंगण. कडक ब्रश खरवडून फिरवायची गरज सहसा पडत नाही. नायलॉनच्या दोरीला कापडाची चिंधी बांधून ती ब्रीचकडून (पेलेट भरतात ते मागचं टोक) मझलकडे (नळीचं पुढचं तोंड) ओढायची. पहिल्या दोन-तीन चिंध्यांना क्लीनर लावा, नंतर कोरड्या फिरवा. चिंधी काळी यायची थांबली की झालं.

लोखंडी सळई मझलकडून आत घालू नका. मझलची कड, म्हणजे क्राउन, एकदा दुखावली की पेलेट बाहेर पडताना हवा एका बाजूने आधी निसटते. मग आतलं कितीही ट्यून करा.

किती वेळा, याला आकडा नाही. ग्रुप हळूहळू उघडायला लागले की साफ करा. साफ केल्यावर पहिले काही शॉट इकडेतिकडे जातात, ते धरायचे नाहीत. चकचकीत कोरड्या नळीवर शिशाचा पातळ थर बसला की ती पुन्हा स्थिरावते. स्लग, म्हणजे बंदुकीच्या गोळीच्या घाटाचे शिशाचे तुकडे, वापरणाऱ्यांना सफाई जास्त वेळा करावी लागते, कारण स्लगचा नळीला लागणारा पृष्ठभाग पेलेटपेक्षा बराच मोठा असतो.

कोणतं पेलेट सर्वात चांगलं?

तुमच्या नळीला जे आवडेल ते. उत्तर टाळतोय असं वाटेल, पण एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली वेगवेगळी पेलेट पसंत करतात.

आकार मात्र ठरवता येतो. 10 मीटरवर कागद फोडायचा तर सपाट तोंडाचं वॅडकटर, कारण ते कागदात स्वच्छ गोल भोक पाडतं. 25 मीटरच्या पुढे गोल डोक्याचं डोम पेलेट घ्या, दुसरा विचारच नको. टोकदार आणि पोकळ तोंडाची पेलेट जाहिरातीत छान दिसतात. लांबवर ती डोमच्या मागेच पडतात.

वजनाचं म्हणाल तर 4.5 मिलिमीटर व्यासाच्या नळीत 8.4 ग्रेनच्या आसपास आणि 5.5 मध्ये 16 ते 18 ग्रेनपासून सुरुवात करा. एका ग्रेनला 0.0648 ग्रॅम. डब्यावर डोक्याचा व्यासही लिहिलेला असतो: 4.51, 4.52, किंवा 5.51, 5.52. या एका शतांश मिलिमीटरने काही नळ्यांमध्ये ग्रुप निम्मा झालेला पाहिला आहे, काहींमध्ये ढिम्म फरक पडत नाही. तीन-चार प्रकारचे डबे घ्या, प्रत्येकाचे निदान चार-पाच ग्रुप मारा आणि मगच ठरवा. पेलेट बदललं की आधीच्या शिशाच्या थरावर नवा थर बसेपर्यंत दहा-वीस शॉट द्या.

पेलेट ठरलं की त्याच बॅचचे डबे जमतील तेवढे घेऊन ठेवा. स्पर्धेतले नेमबाज बॅच तपासून घेतात ते उगीच नाही.

पेलेट एकेक करून तोलायची का?

डब्याचा दर्जा चांगला असेल तर 50 मीटरपर्यंत फारसा फायदा नाही. वाकलेली स्कर्ट (मागचा पातळ घेर) असलेली पेलेट बाजूला काढण्याचा फायदा मात्र नक्की आहे, आणि त्याला डोळे पुरतात.

पेलेट आणि स्लग यांत नेमका फरक काय?

पेलेटला डोकं, बारीक कंबर आणि मागे पोकळ घेर असतो. वजन पुढे, हवेचा अडथळा मागे. बॅडमिंटनच्या शटलसारखं ते हवेत आपोआप तोंड पुढे करून राहतं. नळीतल्या खाचांनी मिळालेला फिरकीचा वेग त्याला मदत करतो, पण सगळा भार फिरकीवर नसतो. शिवाय मागची पातळ स्कर्ट हवेच्या दाबाने फुगून नळीला चिकटते. म्हणून पेलेट थोडं सैल असलं तरी सांभाळून घेतं.

स्लग म्हणजे सरळ गोळीचा आकार: दंडगोल, पुढे निमुळता, मागे सपाट किंवा थोडा खोलगट. त्याला स्वतःची अशी स्थिरता नाही. सगळी मदार फिरकीवर. फिरकी कमी पडली तर तो डुलतो, लक्ष्यावर लांबट भोकं पडतात. नळीला सैल असला तर हवा बाजूने निसटते, घट्ट असला तर वेग पडतो आणि दर शॉटला वेगळा पडतो.

एवढे नखरे सहन करायचे कारण एकच: हवा कापण्याची क्षमता. चांगल्या 5.5 च्या डोम पेलेटचा बॅलिस्टिक कोएफिशंट, म्हणजे या क्षमतेचा आकडा, 0.03 ते 0.04 च्या घरात असतो. स्लगचा सहज दुप्पट, लांब स्लगचा त्याहून जास्त. वाऱ्यात हा फरक ठळक दिसतो. सेकंदाला 268 मीटर वेगाने सुटलेलं 18 ग्रेनचं पेलेट 3 मीटर प्रति सेकंदाच्या आडव्या वाऱ्यात 50 मीटरवर काही सेंटिमीटर सरकतं आणि 100 मीटरवर त्याच्या कितीतरी पट. त्याच वेगाचा स्लग निम्म्याहूनही कमी सरकतो.

म्हणूनच 50 मीटरच्या आत मारायचं असेल तर स्लगच्या मागे लागू नका, असं माझं मत. तिथे चांगलं पेलेट स्लगला बहुधा हरवतं आणि डोक्याला ताप कमी.

माझ्या रायफलला स्लग चालतील का?

तीन गोष्टी बघा.

पहिली, ताकद. 5.5 चे स्लग साधारण 20 ग्रेनच्या पुढे, म्हणजे 1.3 ग्रॅमच्या वर असतात. 16 जूलच्या रायफलीतून 1.3 ग्रॅमचा स्लग सेकंदाला फक्त 157 मीटरने निघेल. त्यात त्याचा काहीच फायदा उरत नाही. 25 ग्रेनचा स्लग सेकंदाला 280 मीटरने सोडायचा तर 63 जूलच्या वर ऊर्जा लागते.

दुसरी, नळीची पिळाची गती. किती लांबीत खाचा एक पूर्ण फेरी घेतात, त्याला ट्विस्ट म्हणतात. एअर रायफलमध्ये पूर्वापार सुमारे 450 मिलिमीटरला एक फेरी चालत आली आहे. आखूड, हलक्या स्लगला ती बहुतेक पुरते. स्लग जितका लांब, तितका पीळ जलद हवा. याची उलट बाजूही आहे: फार जलद पिळाच्या नळीतून पेलेट लांबवर गिरक्या घेऊ लागतात.

तिसरी, चोक. अनेक चांगल्या नळ्या मझलजवळ मुद्दाम किंचित आवळलेल्या असतात. पेलेटला ते फार मानवतं. स्लगला बहुधा नाही, कारण अख्खा दंडगोल पुन्हा दाबला जातो. तरी स्लग न मारताच निकाल देऊ नका; चोक असलेल्या काही नळ्या किंचित कमी व्यासाचा स्लग छान मारतात.

स्लगचा व्यास कसा निवडायचा?

मझल सुरक्षित दिशेला, रायफलीतली हवा काढलेली, आणि मऊ लाकडी किंवा नायलॉनची दांडी. स्लग ब्रीचमधून हलकेच आत ढकला आणि पुढे सरकवत न्या. सुरुवातीला खाचांमध्ये बसताना ठाम अडथळा जाणवला पाहिजे, मग मझलपर्यंत एकसारखी ओढ. मधेच सैल पडला तर नळीत तिथे रुंद जागा आहे. शेवटी घट्ट झाला तर चोक आहे.

बाहेर आलेला स्लग भिंगाखाली धरा. खाचांचे ठसे चहूबाजूंनी सारख्या खोलीचे आणि स्वच्छ कडांचे हवेत. एका बाजूचे ठसे खोल आणि दुसऱ्या बाजूचे पुसट असतील तर स्लग वाकडा शिरतोय. शिशाची बारीक साल निघालेली दिसली तर हवेच्या भोकाची कड धारदार राहिली आहे. ठसे जेमतेम उमटले असतील तर व्यास कमी पडतोय, 5.51 च्या ऐवजी 5.53 मागवा. हीच परीक्षा पेलेटलाही लावा. मी कुठल्याही अनोळखी रायफलीची चौकशी इथूनच सुरू करतो.

क्रोनोग्राफ घ्यावाच लागतो का?

क्रोनोग्राफ म्हणजे वेग मोजणारं यंत्र. पीसीपी, म्हणजे टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल, ट्यून करायची तर हो. त्याशिवायचं ट्यूनिंग म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

वेगातल्या फरकाचं लक्ष्यावर काय होतं ते बघा. वर सांगितलेलं पेलेट 50 मीटर जाईपर्यंत सुमारे 20 सेंटिमीटर खाली येतं. वेग एक टक्क्याने बदलला की ही घसरण सुमारे दोन टक्क्यांनी बदलते, म्हणजे 4 मिलिमीटर. 100 मीटरवर तोच एक टक्का दीड-पावणेदोन सेंटिमीटर होतो. म्हणून 25 मीटरवर वेगाचा फरक फार मनावर घेऊ नका. 100 मीटरवर मात्र त्याशिवाय इलाज नाही.

सर्वात जास्त आणि सर्वात कमी वेगातलं अंतर दहा शॉटमध्ये सेकंदाला 3 मीटरच्या आत, म्हणजे साधारण 10 फुटांच्या आत राहिलं की 50 मीटरला रायफल उत्तम. ऊर्जा काढायची तर पेलेटचं ग्रॅममधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले 2000. उत्तर जूलमध्ये येतं. 1.175 ग्रॅम आणि 268 मीटर घेतले तर 42 जूल.

वेग किती ठेवावा?

डोम पेलेटसाठी सेकंदाला 240 ते 275 मीटर, म्हणजे 800 ते 900 फूट. ध्वनीचा वेग 20 अंशांना 343 मीटर आहे. त्याच्या जवळ जाऊ लागलं की पेलेटभोवतीची हवा खळबळते आणि 290-300 च्या पुढे बहुतेक पेलेट बिथरतात. खोक्यावर छापलेला अफाट वेग बहुधा अतिशय हलक्या पेलेटने मोजलेला असतो. तो विसरून जा.

स्लगला 270 ते 300 मीटर सहसा मानवतात.

पीसीपीमध्ये हॅमर स्प्रिंग आणि रेग्युलेटर कसे जुळवायचे?

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

ट्रिगर ओढला की हॅमर पुढे धावतो, व्हॉल्व्हच्या दांड्यावर आदळतो आणि व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो. त्याला बंद करायला मागचा हवेचा दाब आणि एक छोटी स्प्रिंग टपलेले असतात. रेग्युलेटर टाकीतला 200-250 बारचा दाब उतरवून व्हॉल्व्हमागच्या कोठीत, म्हणजे प्लेनममध्ये, ठरावीक दाब भरून ठेवतो. दाब वाढवला तर हवा जोरात ढकलते, पण व्हॉल्व्ह उघडायलाही तितकाच जड होतो. हॅमरचा मार वाढवला तर व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो. दोघांचं जमवून देणं एवढंच काम आहे.

रेग्युलेटर एका दाबावर ठेवा. 5.5 च्या मध्यम लांबीच्या नळीत पेलेटसाठी अनेक रायफली 100 ते 130 बारमध्ये बसतात; तुमच्या रायफलीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली मर्यादा ओलांडू नका. आता हॅमर स्प्रिंगचा ताण अगदी कमी करा आणि तीन शॉट क्रोनोग्राफवर मारा. पाव-अर्धा फेरा आवळा, पुन्हा तीन शॉट. लिहीत चला.

उदाहरणादाखल, सरासरी अशी येईल: 240, 252, 261, 267, 270, 271, 271. सुरुवातीला प्रत्येक फेऱ्याला वेग भराभर वाढतो, मग वाढ मंदावते आणि शेवटी थांबते. तो 271 म्हणजे त्या दाबाचा माथा. त्यापुढे आवळलं तर वेग वाढत नाही, नुसती हवा खर्च होते आणि आवाज मोठा होतो. पेलेट नळीबाहेर पडल्यावरही व्हॉल्व्ह उघडाच असतो, ती हवा फुकट जाते.

आता माथ्यापासून तीन ते पाच टक्के खाली या. वरच्या उदाहरणात 258 ते 263. इथे रायफल हवा कमी खाते. रेग्युलेटरचा दाब किंचित वर गेला तर व्हॉल्व्ह थोडा कमी उघडतो, पण हवा थोडी जोरात ढकलते. दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे खोडतात. म्हणून वेगातला फरकही लहान राहतो.

हा वेग हवा त्यापेक्षा कमी वाटला तर हॅमर आवळत बसू नका. रेग्युलेटर 5-10 बारने वाढवा आणि सगळी शिडी पुन्हा चढा. जास्त वाटला तर रेग्युलेटर उतरवा. दाब उतरवण्याआधी रायफलीतली हवा काढावी लागते. भरलेल्या अवस्थेत रेग्युलेटरचा स्क्रू फिरवणं बऱ्याच रचनांमध्ये त्याच्या सीटची वाट लावतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दाब, हॅमर, ट्रान्सफर पोर्ट (व्हॉल्व्हकडून नळीत हवा नेणारं भोक) आणि पेलेट असं सगळं एका दुपारी बदललं तर सुधारणा कशाने झाली हे कळायला मार्ग उरत नाही.

वेग जमला, आता ग्रुप येईलच ना?

बहुधा. पण नळी प्रत्येक शॉटला थरथरते आणि काही वेगांना ती जास्त समजूतदार वागते. म्हणून जमलेल्या वेगाच्या आसपास 3-3 मीटरने वर-खाली सरकून कागदावर ग्रुप मारून बघा. शेवटचा शब्द कागदाचा. क्रोनोग्राफवर देखणा दिसणारा वेग सोडून किंचित विस्कळीत वेगावर थांबावं लागलं तरी बेधडक थांबा.

रायफल थोडा वेळ ठेवली की पहिला शॉट वरच जातो. का?

हा रेग्युलेटर क्रीप. रेग्युलेटरची सीट नीट बंद होत नाही, टाकीतली हवा हळूहळू पाझरते आणि प्लेनममधला दाब ठरलेल्यापेक्षा चढतो. पहिला शॉट वेगळा, पुढचे नीट. प्लेनमवर दाबमापक असेल तर त्याचा काटा अर्धा तास बघा, चढताना दिसेल.

कारण बहुतेक वेळा कचरा किंवा ओलावा असतो. हातपंपाने भरणाऱ्यांकडे ओलाव्याची शक्यता जास्त. रेग्युलेटर नवा असेल तर थोडे डबे संपेपर्यंत वाट पाहा. सीट बसायला वेळ लागतो. जुना असेल तर सीट आणि ओ-रिंग बदला. उलट, पहिला शॉट खाली जात असेल तर हॅमर किंवा व्हॉल्व्हचा दांडा चिकटतोय का ते तपासा. थंडीत घट्ट होणारं ग्रीस हे त्याचं नेहमीचं कारण.

माझ्या पीसीपीला रेग्युलेटरच नाही.

मग तिचा वेग कमानीसारखा चालतो. पूर्ण भरली की दाब इतका जास्त असतो की हॅमरला व्हॉल्व्ह धड उघडता येत नाही, वेग कमी. दाब उतरत गेला की वेग चढतो, माथा गाठतो, मग उतरतो. पूर्ण टाकी मारून प्रत्येक शॉटचा वेग लिहा. माथ्याच्या दोन्ही बाजूंचा सपाट तुकडा कोणत्या दाबापासून कोणत्या दाबापर्यंत आहे ते शोधा आणि तेवढ्यातच भरा आणि मारा. 200 बारची टाकी 170 पर्यंतच भरणं जिवावर येतं, पण तेच बरोबर असतं.

स्लगसाठी ट्यूनिंग वेगळं का लागतं?

जड वस्तू हलवायला जास्त दाब, जास्त हवा आणि व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा जास्त वेळ लागतो. वरच्या हिशोबात पेलेटला 42 जूल पुरले, 25 ग्रेनच्या स्लगला 63, म्हणजे दीडपट. रेग्युलेटर 140-160 बारवर, मोठा प्लेनम, मोठं ट्रान्सफर पोर्ट, कधी जड हॅमर. लांब नळीचा इथे खरा फायदा होतो, कारण हवेला ढकलायला जास्त वेळ मिळतो आणि त्याच ऊर्जेसाठी कमी दाब पुरतो.

पद्धत तीच: शिडी चढा, माथा शोधा, थोडं खाली या. फक्त त्याआधी व्यासाचा प्रश्न सोडवलेला असला पाहिजे. चुकीच्या व्यासाच्या स्लगला ट्यून करणं व्यर्थ.

एकच रायफल दोन्हींसाठी लावता येते का? तडजोड करून येते, पण दोन्हीकडे थोडं थोडं सोडावं लागतं. ज्यांच्या रायफलीत रेग्युलेटर आणि हॅमर बाहेरून फिरवता येतात त्यांनी दोन्ही खुणा लिहून ठेवाव्यात. तरीही नळी पेलेटच्या शिशावरून स्लगच्या शिशावर यायला वेळ घेतेच.

आणि स्लग लांब जातो. पेलेट ज्या अंतरावर दम तोडतं तिथे स्लगमध्ये जोर शिल्लक असतो. पेलेटसाठी पुरेशी वाटणारी मागची आड स्लगला पुरेलच असं नाही. फार उथळ कोनात कठीण पृष्ठभागावर लागला तर तो उसळतोही.

स्प्रिंगवाल्या रायफलीचं ट्यूनिंग कसं करतात?

तिथे हवा साठवलेली नसते. ट्रिगर ओढल्यावर स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते आणि हवा त्या क्षणी दाबली जाते. पेलेट नळीत असतानाच रायफल आधी मागे, मग पुढे हिसका देते. त्यामुळे हातात धरण्याची पद्धत हेच तिचं अर्धं ट्यूनिंग. पुढचा हात उघडा, स्टॉक तळव्यावर नुसता टेकलेला, खांद्याला हलका स्पर्श. घट्ट पकडलं की हिसका दर वेळी वेगळा येतो. पुढचा हात कुठे ठेवता ती जागाही बदलू नका. दोन बोटं पुढे-मागे झाली तरी नेम सरकतो.

आतल्या कामात स्प्रिंग आणि तिच्या गाइडमधली फट कमी करणं, दट्ट्याच्या आणि सिलिंडरच्या खाचांच्या धारदार कडा घासणं, सील नीट बसवणं आणि योग्य जागी अगदी थोडं ग्रीस लावणं एवढं येतं. शॉटनंतर ‘ट्वँग’ असा लांबणारा आवाज येत असेल तर स्प्रिंग गाइडवर डुगडुगतेय. जास्त ताकदीची स्प्रिंग टाकणं हा सर्वात वाईट उपाय: हिसका वाढतो, दट्ट्या आपटतो, सील लवकर जातं.

स्प्रिंग कंप्रेसर असल्याशिवाय ती उघडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडू शकते.

ब्रीच सील गळतंय का बघायचं तर सांध्यावर टिश्यू पेपरचा बारीक तुकडा ठेवून शॉट मारा. उडाला तर सील बदला.

स्लग? स्प्रिंगरमध्ये नकोच. खाचांत शिरताना लागणारा जोर आणि वजन दोन्ही तिच्या दट्ट्याला झेपत नाहीत.

क्रोनोग्राफ उत्तम सांगतो, तरी ग्रुप फाटलेला. कुठे शोधू?

क्रमाने जा.

मॉडरेटर (आवाज कमी करणारी नळी) किंवा श्राउड (नळीवरचं आवरण) काढता येत असेल तर काढून एक ग्रुप मारा. लहान झाला तर पेलेट आतल्या पडद्याला घासत होतं. पडद्याच्या भोकावर शिशाचा करडा ओरखडा दिसेल.

मग क्राउन. मझलच्या तोंडावर शिशाचे आणि वंगणाचे किरण उमटलेले असतात. ते सगळीकडे सारखे असतील तर ठीक. एका बाजूला लांब फराटा असेल तर तिथून हवा आधी सुटतेय. कापसाचा बोळा कडेवरून फिरवा, धागा अडकला तर तिथे खरवड आहे.

पुढे नळीचा आधार. पीसीपीची टाकी दाबाने किंचित फुगते-आकसते. नळी तिला बँडने घट्ट बांधलेली असेल तर टाकी रिकामी होत जाईल तसा नेम सरकतो. बँड सैल करून किंवा काढून बघा. मॅगझिनमधून पेलेट सरळ रेषेत शिरतं का? एकेक पेलेट हाताने भरून ग्रुप मारा. सुधारला तर दोष मॅगझिनचा किंवा पेलेट आत ढकलणाऱ्या प्रोबचा.

शेवटी स्कोप. पॅरलॅक्स अंतराला जुळवलेला नसेल तर डोळा हलला की नेम हलतो. रायफल रेस्टवर न हलवता डोकं वर-खाली करा. क्रॉसहेअर लक्ष्यावर सरकताना दिसला तर फोकस जुळवा. स्प्रिंगरवर साधा स्कोप लावला असेल तर तो आतून खिळखिळा झालेला असण्याची दाट शक्यता, कारण दोन्ही दिशांचा हिसका सगळ्या स्कोपना सोसत नाही.

रायफल तिरकी धरण्याकडेही लक्ष द्या. 100 मीटरवर फक्त 2 अंश झुकली तर पेलेट सुमारे 3 सेंटिमीटर बाजूला पडतं. स्कोपवर छोटी बुडबुड्याची लेव्हल बसवली की हा प्रश्न संपला.

ग्रुप किती शॉटचा धरायचा?

तीन शॉटचा कधीच नाही. तीन शॉटचा सुंदर ग्रुप कुठलीही रायफल कधीतरी देते आणि तोच फोटो लोक जपून ठेवतात. पाच शॉटचे निदान चार ग्रुप मारा, सरासरी काढा आणि त्यातला सर्वात वाईट ग्रुपही लिहा. वारा असेल तर दोन झेंड्या लावा, नाहीतर वाऱ्याचा दोष रायफलीच्या माथी मारला जातो.

ट्रिगर किती हलका करावा?

हलकेपणापेक्षा दर वेळी तो एकाच जागी सुटतो का, हे महत्त्वाचं. पहिला टप्पा मोकळा, मग स्पष्ट भिंत, मग विनासूचना सुटका. जुळवून झाल्यावर रिकामी रायफल कॉक करून, हवा नसताना, स्टॉकवर हाताने थापट्या मारा. हॅमर सुटला तर ट्रिगर धोकादायक आहे. परत घट्ट करा. स्प्रिंगरवर ही चाचणी करू नका, पेलेटशिवाय स्प्रिंग सुटली तर दट्ट्या आणि सील दुखावतात.

कोणतं तेल, कोणतं ग्रीस?

ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, बोटाला चिकटेल इतपतच. धातूवर घासणाऱ्या भागांना सिलिकॉन पुरत नाही. तिथे मॉलिब्डेनमयुक्त पेस्टचा पातळ थर. दाबाखालच्या हवेच्या वाटेत पेट्रोलियमचं तेल कधीच नाही. जोराने दाबली गेलेली हवा तापते आणि त्या तेलाचा भडका उडू शकतो. स्प्रिंगरमधून धूर आणि फटाक्यासारखा आवाज येतो तो यामुळेच. पीसीपीत हाच प्रकार जिवावर बेतू शकतो.

कायद्याचं काय?

ऊर्जेची मर्यादा देशागणिक वेगळी आहे: जर्मनीत परवान्याविना 7.5 जूल, इंग्लंडमध्ये रायफलला 12 फूट-पाउंड, म्हणजे सुमारे 16.27 जूल. मॉडरेटरचे नियमही असेच वेगवेगळे. ट्यूनिंगमध्ये मर्यादा ओलांडली गेली तर ‘फक्त पेलेट बदललं’ हे उत्तर चालत नाही, आणि पेलेट बदलल्याने ऊर्जा खरोखर बदलते. पीसीपीत जड पेलेटने ती सहसा वाढते. म्हणून मर्यादेला खेटून न राहता थोडं अंतर ठेवा आणि वापरता त्या सगळ्या पेलेटने मोजून बघा.

बरेच दिवस वापरायची नसेल तर कशी ठेवावी?

पीसीपीत थोडी हवा राहू द्या, म्हणजे सील आपापल्या जागी बसून राहतात आणि कचरा आत जात नाही. स्प्रिंगर कधीही कॉक करून ठेवू नका. नळीतून तेलाची हलकी चिंधी फिरवा आणि पुन्हा वापरण्याआधी कोरडी फिरवा. हॅमर किती फेरे, रेग्युलेटर किती बार, पेलेटची बॅच कोणती, वेग किती, हे एका चिठ्ठीवर लिहून रायफलीच्या पिशवीत टाका. शिसं हाताळल्यावर हात धुवायचे, तेवढं विसरू नका.